झोपेचा पंचनामा
(जालना येथील युवकांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी गोदीतला हमाल, मॅट्रिकपर्यंत शिकलेला. गोदीत टॅलीवाला पोती मोजतो, खांदा मोजत नाही. म्हणून मोजणाऱ्या कागदाकडं मी जरा रोखूनच बघतो.

२७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होता. पंचनाम्यात घरं मोजतात, भांडी मोजतात, धान्य मोजतात. झोप कोण मोजतो? पुढच्याच वर्षी, १९७९ ला, अमेरिकेत हॉरोविट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी एक कागद केला : इम्पॅक्ट ऑफ इव्हेंट स्केल. १५ विधानं. गेल्या सात दिवसांत नको असताना आठवण आली का? झोप उडाली का? त्याबद्दल बोलणं टाळलंत का? खूण माणसानं स्वतःच करायची.

यातलं 'स्वतःच' मला मोलाचं वाटतं. आपली फिर्याद दुसरा लिहितो, आपण अंगठा देतो. इथं ज्याचं दुखणं त्याचीच साक्ष.

पण कागद धरून चालतो की घटना घडून गेली. बहिष्कार पडलेल्या गावात ती रोज घडते. जाळणारा रोज वाटेत भेटतो, टाळायचं कुठं? रात्री दचकून उठणं हा तिथं आजार की पहारा? आणि तो पहाराच माणसाला आतून पोखरतो.

१९९६ ला टेडेस्की आणि कॅल्हून यांनी दुसरा कागद आणला : आघातानंतरची वाढ. २१ विधानं, प्रत्येकी ० ते ५. माणसं जवळची वाटू लागली का, आपली ताकद कळली का, धर्मश्रद्धा वाढली का? आता सांगा, १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्यांनी जुने देव टाकले, त्यांचे मार्क कुठं मांडणार? शिवाय २००९ ला अमेरिकेत विद्यार्थ्यांना आघाताआधी आणि नंतर तपासलं, तर तोंडानं सांगितलेली वाढ आणि खरा बदल फारसे जुळलेच नाहीत. माणूस कधीकधी स्वतःलाच धीर देत असतो. आणि खरंच वाढलो असू, तर आपल्या बळावर. जाळणाऱ्याच्या खात्यात एक मार्कही जाता कामा नये.

तरी कागद फाडू नका. वस्तीत न्या, आपल्या बोलीत वाचून दाखवा. गावकीचा माणूस शेजारी उभा राहू देऊ नका. खाली आपला एक प्रश्न वेगळा लिहा, त्याचे मार्क धरू नका : जाळणारा अजून समोर राहतो का? उत्तर मिळालं की डॉक्टरही गाठा, वकीलही गाठा. नुसते आकडे घेऊन परत येऊ नका.

जय भीम.