पडद्यावरच्या बाया, सतरंजीवरच्या बाया

(कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वस्त्यांमधून माहितीपट दाखवण्याच्या अनुभवावर बोल, असं मला सांगितलं गेलं. पत्रात स्वातंत्र्य, लोकशाही, प्रतिकार असे शब्द होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत हे काम करताना मी ते शब्द क्वचितच उच्चारते. तिथे पहिला प्रश्न असतो, रात्री वीज राहील का, आणि बाया स्वयंपाक उरकून किती वाजता येतील.

आधी माझी चूक सांगते. एमएसडब्ल्यू करताना मी दीपा भाटिया यांचा 'नीरोज गेस्ट्स' पाहिला होता. २००९ सालचा. पत्रकार पी. साईनाथ यांच्यासोबत तो विदर्भातल्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरांत शिरतो. आपल्याच भागाचा, म्हणून मी पहिल्यांदा तोच लावला. इंग्रजी बोलणं आलं की थांबवून मराठीत सांगत होते. थोड्याच वेळात सतरंजीवर हुंदके सुरू झाले. संपल्यावर विचारलं, "काय वाटलं?" कुणी बोलेना. शेवटी एक म्हातारी उठता उठता म्हणाली, "पोरी, हे तं आमच्या घरचंच हाये. रडाले पडदा लागते काय?"

माहितीपट उत्तमच आहे, पण तो शहरातल्या माणसाला जागं करण्यासाठी आहे. १९८६ साली पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवणाऱ्या साहेबराव करपे यांचं चिलगव्हाण याच जिल्ह्यातलं. इथल्या बायांनी कॅमेरे खूप पाहिलेत. नवऱ्याचा फोटो हातात धरून बसायचं, एवढंच त्यांना सांगितलं जातं. मीही त्यांना तेच दाखवायला गेले होते.

पुढच्या खेपेला 'मोलकरीण' नेला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्या 'युगांतर' गटाचा, १९८१ सालचा. पुण्याच्या घरकामगार बायांनी १९८० साली संप केला, संघटना बांधली, त्यांच्याबरोबर बसून केलेला. काळापांढरा, जेमतेम पंचवीस मिनिटांचा, आणि मुख्य म्हणजे मराठीत. पुढच्याच वर्षी या गटाने निपाणीच्या तंबाखू कामगार बायांवरही असाच माहितीपट केला. त्या काळी हे रिळांवरून बायांच्या वस्त्यांत नेऊन दाखवत. आता त्यांच्या डिजिटल प्रती झाल्या आहेत, म्हणून माझं काम एका पिशवीत मावतं.

मला धास्ती होती. चाळीस वर्षांपूर्वीच्या पुण्यातल्या धुणंभांडी करणाऱ्या बाया. कापूस वेचणाऱ्यांना त्यांचं काय? पण दिवा लावायच्या आतच बोलणं सुरू झालं. "आपला कापूस कोन मोजते वो? काटा तं त्यायच्याच घरी." वेचणीची मजुरी किलोवर. दिवसभर वाकून वेचायचं आणि वजन दुसऱ्याने सांगायचं. मागे उभ्या असलेल्या पुरुषांनी समजावायला सुरुवात केली, तेव्हा मी त्यांना थांबायला सांगितलं. तेव्हापासून नियमच केला आहे, पहिला अर्धा तास फक्त बायांनी बोलायचं. (हा नियम करताना माझ्यावर खूप राग निघाला. निघू द्या.)

त्या रात्री ठरलं, काटा शेतावरच आणायचा आणि वजन सगळ्यांसमोर करायचं. दोघातिघांनी मानलं. एकाने शेजारच्या पोडावरून कोलाम बाया आणल्या. त्यावर आमच्या गटातल्या बाया त्यांच्यावरच चिडल्या, नको ते बोलल्या. बोलणं निवल्यावर त्यांच्यातलीच एक म्हणाली, "ताई, हाच सिनेमा पोडावर दाखवा नं." दाखवला. तिथे कळलं की त्यांना आमच्या गावच्या बायांपेक्षाही कमी दर मिळत होता.

हे सांगताना मला एक गोष्ट लपवता येत नाही. पहिल्या कार्यक्रमात रडणाऱ्या बायांपैकी एकीच्या नावावर नवऱ्यामागे तीन एकर शेती आहे. वेचणीला तीही चार बाया लावते. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "दर वाढला तं मी कुठून देऊ? कापसाचा भाव मी ठरवतो काय?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मोलकरणीची मालकीण आणि ही बाई, दोघींना एकाच तराजूत घालता येत नाही, एवढं समजलं. ती त्यानंतर दोनदा आली नाही.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळच्या साहित्य संमेलनात नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं. पुढे उद्घाटन राजूरच्या वैशाली येडे या शेतकरी विधवेच्या हस्ते झालं. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर तेव्हा पुष्कळ लिहून आलं, आणि ते यायलाच हवं होतं. मला त्यात या तीन एकरवाल्या बाईचा प्रश्न कुठे दिसला नाही, इतकंच.

सीतादही झाली की वेचणी सुरू होईल. त्याआधी पोडावरच्या आणि गावातल्या बाया एकत्र बसतील असा कार्यक्रम ठरवला आहे. या वेळी निपाणीचा माहितीपट दाखवणार आहोत. तीन एकरवाल्या बाईच्या घरी मी स्वतः बोलावणं करून आले. येते म्हणाली, पण प्रश्न तोच विचारीन म्हणाली.