मंडळाच्या संकेतस्थळाला कोणता पोशाख शोभेल?
(मंडळाच्या सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाचे संकेतस्थळ नव्याने करायचे ठरले आहे. त्यासाठी कोणती ‘थीम’ घ्यावी यावर मी दोन शब्द बोलावेत, असे सचिवांनी सुचवले. मी संगणकाचा पदवीधर नाही. डिप्लोमा करून रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागलेला माणूस आहे. पण सिग्नलचे काम तरी काय? लांबून येणाऱ्याला योग्य निरोप वेळेवर आणि गोंधळ न होता पोहोचवणे. संकेतस्थळाचेही तेच काम आहे, म्हणून हे धाडस करतो.

प्रथम थीम म्हणजे काय ते सांगतो. वर्डप्रेस हे २००३ साली सुरू झालेले, कोणालाही मोफत वापरता येणारे सॉफ्टवेअर आहे. आपला मजकूर आणि छायाचित्रे त्यात एका बाजूला साठवलेली असतात. थीम हा त्यावर चढवायचा पोशाख. उद्या पोशाख बदलला तरी आतला मजकूर तसाच राहतो. आपली कार्यकारिणी बदलते, सभासदांच्या बदल्या होतात, त्यामुळे ही सोय आपल्याला फार मोलाची आहे.

आपल्यापुढे तीन पर्याय आहेत. पहिली विकतची, भरजरी थीम : वर सरकती छायाचित्रे, पान उघडताच ढोल-ताशा, खाली उडत येणारी अक्षरे. दुसरी ‘अ‍ॅस्ट्रा’. ही पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्स कंपनीची, २०१७ सालची थीम आज जगभर दहा लाखांहून अधिक संकेतस्थळांवर आहे, हे आपण अभिमानाने सांगावे. तिसरी वर्डप्रेसचीच साधी ‘ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह’, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली आणि पूर्ण मोफत. पहिली थीम अनेकांना आवडली आहे. तिची निवड होण्यापूर्वी तिन्हींना तीन कसोट्या लावाव्यात, एवढीच माझी विनंती आहे.

पहिली कसोटी वेगाची. गाडीला डबे वाढवले की इंजिनावर भार येतो, तसेच प्रत्येक सरकते चित्र, प्रत्येक चमत्कृती पानाचे वजन वाढवते. गूगलने यासाठी तीन मापे ठरवली आहेत. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा. बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा. वाचताना मजकूर उड्या मारू नये. त्या हालचालीचे माप ०.१ च्या आत हवे. शंभरातल्या निदान ७५ भेटींत ही मापे साधली पाहिजेत. गूगलच्या ‘पेजस्पीड इनसाइट्स’ या मोफत तपासनीसाला थीमच्या नमुना पानाचा पत्ता दिला की तो निकाल देतो. निकाल मोबाइलच्या रकान्यातला पाहावा, संगणकाच्या नव्हे. आपले सभासद मेट्रोत उभ्याने, नाहीतर तळघरातल्या पार्किंगमध्ये फोन उघडतात.

यात एक खास आपली अडचण आहे. थीमचे नमुने इंग्रजीत असतात आणि इंग्रजीत सगळेच सुंदर दिसते. देवनागरीत जोडाक्षरे असल्यामुळे फॉन्टची फाइल सहसा रोमनपेक्षा मोठी असते. ती दर भेटीत उतरवून घ्यायला लावण्यापेक्षा फोनमध्ये आधीच असलेला देवनागरी फॉन्ट वापरणे शहाणपणाचे. दुसरे म्हणजे, इंग्रजी मथळे ऐसपैस दिसावेत म्हणून काही थीम अक्षरांमध्ये अंतर सोडतात. मराठीत त्याने शिरोरेषा तुटते आणि ‘गणेशोत्सव’ हा शब्द खिळखिळ्या कुंपणासारखा दिसतो. दोन ओळींतले अंतर कमी असेल, तर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडते. म्हणून कोणतीही थीम घेण्याआधी तिच्यात ‘वऱ्हाड, ज्ञानेश्वरी, द्वंद्व, ऑफिस’ हे चार शब्द मथळ्यात घालून पाहावेत. पैसे त्यानंतर द्यावेत.

दुसरी कसोटी सुगम्यतेची, म्हणजे ज्याला कमी दिसते, ज्याला माऊस धरता येत नाही, त्यालाही पान वापरता यावे याची. भारत सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी याची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये काढली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही त्यावर भर दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. आपले मंडळ म्हणजे सरकार नव्हे, हे खरे. पण ज्या ज्येष्ठांनी दिल्लीत मराठी सण टिकवले, त्यांनाच आरतीची वेळ वाचता येऊ नये, हे आपल्याला शोभेल का?

आंतरराष्ट्रीय निकषाप्रमाणे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक किमान ४.५ ला १ असावा. आपल्याला केशरी रंग प्रिय. परंतु पांढऱ्यावर नेहमीच्या केशरी रंगात अक्षरे लिहिली, तर हे प्रमाण जेमतेम २.१ भरते, म्हणजे नापास. त्याच केशरीवर काळी अक्षरे लिहिली तर ते ९ च्या वर जाते. आपल्या स्टेशनांच्या पाट्या पिवळ्यावर काळ्या असतात, त्या उगाच नव्हेत. तेव्हा केशरी जरूर ठेवू या, पण पार्श्वभूमीला. अक्षरे काळी असू द्या.

केवळ रंगावरही विसंबू नये. आमच्याकडे लोको पायलटची रंगदृष्टी तपासूनच त्याला घेतात. संकेतस्थळावर येणाऱ्याची कोणी तपासत नाही. ‘लाल रंगातले कार्यक्रम रद्द’ असे लिहिण्यापेक्षा त्या कार्यक्रमापुढे ‘रद्द’ हा शब्दच लिहावा.

आता ढोल-ताशा. अंध व्यक्ती ‘एनव्हीडीए’सारख्या मोफत पडदावाचकाच्या साहाय्याने पान ऐकतात. पान उघडताच ढोल वाजू लागला, तर तो आवाज त्यांना ऐकूच येणार नाही. म्हणून तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ आपोआप वाजणारा आवाज थांबवण्याची सोय हवी, असा नियम आहे. पाच सेकंदांहून अधिक काळ आपोआप सरकणाऱ्या चित्रांनाही तोच नियम. ढोल मंडपात वाजवू, तिथे त्याला तोड नाही. घरी करण्याजोगी परीक्षा सोपी आहे : माऊस बाजूला ठेवा, फक्त टॅब कळ दाबत जा, आणि आपण पानावर कोठे आहोत ते दर वेळी दिसते का, ते पाहा.

तिसरी कसोटी शोधयंत्राची. दर उन्हाळ्यात कोणीतरी पुण्याहून, नागपूरहून, सोलापूरहून बदली होऊन दिल्लीत येते. नोएडात किंवा द्वारकेत घर लागते, मुले नव्या शाळेत जातात, आणि ऑगस्ट उजाडला की घरातले कोणीतरी फोनवर ‘जवळचा मराठी गणपती’ असे शोधते. त्या क्षणी आपण सापडलो नाही, तर ते कुटुंब वर्षभर आपल्याला मुकते आणि आपण त्याला.

गूगल आता पानाची मोबाइलवरची आवृत्तीच तपासून नोंद करते. हा बदल ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झाला. चांगल्या थीममध्ये मथळे, उपमथळे यांची उतरंड नीट असते आणि पानाची भाषा मराठी असल्याची खूण करता येते. तरीही थीमने सगळे होत नाही. आपण कार्यक्रमपत्रिका पोस्टरचे छायाचित्र म्हणून टाकतो. त्या चित्रातली तारीख शोधात सापडेलच याचा भरवसा नाही, आणि पडदावाचकाला तर तिथे नुसते चित्र असते. तीच माहिती खाली मजकुरात लिहावी : ठिकाण, जवळचे मेट्रो स्टेशन, तारीख, वेळ. आपल्या जुन्या स्मरणिकांचेही असेच. त्या डीटीपीच्या जुन्या फॉन्टांत जुळवलेल्या असल्याने त्यांतला मजकूर उचलून पानावर चिकटवला की कचरा उमटतो. त्या युनिकोडमध्ये आणल्या, तर आपल्या दिवंगत सभासदांचे लेख त्यांच्या नातवंडांना शोधता येतील. महागातली महाग थीमसुद्धा हे काम करणार नाही. ते आपल्यालाच बसून करावे लागेल.

सिग्नलच्या कामात एक तत्त्व असते : यंत्रणा बिघडली तर सिग्नल लाल व्हावा, म्हणजे बिघाडातही माणूस सुरक्षित राहावा. तसेच इथे मागावे. चित्रे आली नाहीत, नेटवर्क अर्धवट असले, तरी तारीख आणि ठिकाण दिसलेच पाहिजे.

माझे मत विचाराल, तर ‘ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह’ किंवा ‘अ‍ॅस्ट्रा’ची मोफत आवृत्ती यांतून एक घ्यावी. आधी आठवडाभर मराठी मजकूर घालून आपल्यातल्या सर्वांत जुन्या फोनवर ती चालवून पाहावी, आणि अखेरचा निर्णय साठीपुढच्या दोन सभासदांच्या हाती द्यावा. त्यांनी चष्मा न शोधता आरतीची वेळ सांगितली, की थीम पास. वाचलेल्या पैशांतून जुन्या स्मरणिका टंकित करून घ्याव्यात, अशी सूचना मी सभेपुढे मांडतो.