पाटीखालचा नंबर

आम्ही लालबागहून बोलतोय. आमचा अकरा जणींचा बचत गट आहे. गट म्हटला की मसाला, लोणचं, चिवडा आलाच. पण लालबागमध्ये मसाल्याच्या दुकानांची रांग आहे आणि चिवड्याची तर अख्खी गल्ली आहे. तिथे आमचा डबा कोण घेणार? म्हणून आम्ही पाट्या रंगवतो. दुकानांच्या, खानावळींच्या, पत्र्यावर, ब्रशने.

हे शिकवलं आमच्या चाळीतल्या पेंटरकाकांनी. त्यांनी तरुणपणी सिनेमाची बॅनरं रंगवली, 1982 च्या गिरणी संपात सभांचे कापडी फलक लिहिले. पुढे फ्लेक्स आला आणि त्यांचे ब्रश डब्यात वाळत पडले. एका पावसाळ्यात आमच्यातल्या एका काकूंनी पोळीभाजी केंद्राची पाटी त्यांच्याकडून करून घेतली. ती बघायला आम्ही चारपाच जणी जमलो आणि जिन्यातच बसलो. दोऱ्याला खडू लावून पत्र्यावर ओळ मारायची, त्या ओळीवर शिरोरेषा धरायची आणि अक्षरं खाली सोडायची. वर मात्रा, वेलांटी, रफार यांना जागा आधी ठेवायची, खाली उकाराला. नवशिकी बाई अक्षर मोठं काढते आणि मग ‘र्की’चा रफार पत्र्याबाहेर जातो. आमचाही गेला. रांगोळी काढणाऱ्या हाताला वळण लवकर येतं, असं काका म्हणाले. ते आम्हाला खूश करायला म्हणाले असतील, पण आठ महिन्यांत सहा जणी लिहायला लागल्या.

गटातून बारा हजारांचं कर्ज उचललं. पत्रे, रेड ऑक्साइड, ऑइलपेंट, ब्रश, एक शिडी. हप्ता महिन्याला हजार.

आता गिऱ्हाईक. आम्ही चांगल्या साड्या नेसून दादरला रानडे रोडला गेलो. हातात फोटोंची वही. दुकानदार बघायचे, ‘छान आहे हो ताई’ म्हणायचे आणि फ्लेक्सवाल्याचं कार्ड दाखवायचे. संध्याकाळी सांगितलं की सकाळी बोर्ड तयार, तोही आमच्या अर्ध्या पैशात. चार रविवार फिरलो, एक पाटी मिळाली नाही. पाचव्या रविवारी चपला झिजल्या म्हणून कोणी आलंच नाही.

काका म्हणाले, तुम्ही दुकानदाराचं तोंड बघता, त्याच्या डोक्यावर बघा. म्हणजे काय, तर कुठली पाटी उन्हाने उडालीय, कुठल्या फ्लेक्सचा कोपरा फाटून लोंबतोय, कोणाच्या नावातलं एक अक्षर गळलंय, ते वहीत लिहायचं. परळ नाक्यापासून गिरगावापर्यंत बसने जाताना आम्ही खिडकीतून हेच करायचो. मग त्या दुकानात दसऱ्याच्या तीन आठवडे आधी जायचं, कारण दिवाळीपूर्वी दुकान रंगवायला काढतातच. ‘पाटी करून घ्या’ म्हणायचं नाही. ‘तुमचा ‘ळ’ पुसलाय, तेवढा करून देऊ का?’ म्हणायचं. एका अक्षराचे दीडशे रुपये. पहिल्या वर्षी आमची निम्मी कामं अशा एका अक्षरापासून सुरू झाली. एक ‘ळ’ नवा झाला की बाकीचं नाव जुनं दिसतं, हे मालकालाच कळतं.

गिरगावातल्या एका खानावळीने मात्र आम्हाला वेगळंच शिकवलं. नाव लिहून झालं तरी काहीतरी कमी वाटत होतं. आमच्यातल्या एकीची मुलगी कॉलेजात शिकते. तिने सांगितलं की इंग्लंडात दारूच्या गुत्त्यांवर, तिथे त्याला पब म्हणतात, चित्रांच्या पाट्या असतात. राजाने 1393 साली लंडनच्या गुत्त्यांना पाटी लावायची सक्ती केली. वाचता येणारे थोडे होते, म्हणून चित्र. आम्ही म्हटलं, आमच्या सासूबाईंनाही वाचता येत नाही, पण जेवण लागतंच. मग नावाशेजारी ताट काढलं: भाकरी, बांगडा, वाटीत सोलकढी. त्या ताटाचे फोटो लोक काढतात. फ्लेक्सवर छापलेल्या बांगड्याचे कोणी काढत नाही.

आणि प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात, अगदी बारीक, गटाचा मोबाइल नंबर. जुने पेंटर आपलं नाव असंच लिहायचे. आमची जाहिरात म्हणाल तर एवढीच. मालक हरकत घेईल तर पन्नास रुपये कमी करतो, पण नंबर सोडत नाही.

मग आलं 2023. दुकानांवर मराठी पाटी हवी हा नियम जुनाच, पण 2022 साली कायदा बदलला आणि दहापेक्षा कमी नोकर असलेल्या लहान दुकानांनाही तो लागू झाला. मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको, असंही त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली आणि नोव्हेंबरच्या शेवटी महापालिकेची माणसं तपासायला फिरू लागली. आमचा फोन थांबेना. ज्यांनी आम्हाला कार्ड दाखवून परत पाठवलं होतं, त्यातले दोघे स्वतः चाळीत आले.

त्याच गर्दीत एक बारवाला आला. त्याच कायद्यात असं आहे की जिथे दारू मिळते तिथे महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावं चालणार नाहीत. त्याच्या बारला किल्ल्याचं नाव होतं. नवं नाव, मोठी पाटी, आत दोन लहान. अठरा हजार, निम्मे आगाऊ, नोटा टेबलावर.

त्या रात्रीची बैठक साडेअकरापर्यंत चालली. आमच्यातल्या एका ताईंचा नवरा दारूने गेला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त ब्रश पुसत बसल्या. दुसऱ्या म्हणाल्या, आपण नाही केली तर फ्लेक्सवाला करेल, बार काही बंद पडत नाही. तिसऱ्या म्हणाल्या, गावाकडे माझी बहीण आडव्या बाटलीला मत द्यायला बायका गोळा करते आणि मी इथे बाटलीवाल्याचं नाव सोनेरी रंगात लिहू? हात वर केले. घ्यावं पाच, घेऊ नये सहा. आज तुमच्याशी बोलणारीचा हात पाचांत होता, हे लपवण्यात अर्थ नाही. हप्ते डोळ्यांपुढे होते. ठराव वहीत लिहिला, पैसे परत केले. एक वहिनी रागावून दोन महिने बैठकीला आल्या नाहीत. दोन हप्ते थकले, तेही खरं.

तुमच्याकडे गावात काम कुठे आहे, ते आता सांगतो. जिल्हा परिषद शाळेच्या बोलक्या भिंती आणि अंगणवाडी आधी. त्यासाठी मुख्याध्यापकांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना भेटा, जाताना एक पाटी रंगवून हातात न्या, नुसता अर्ज नको. दूध डेअरी, पिठाची गिरणी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची मागची फळी, कोकणात असाल तर घरगुती मुक्कामाची सोय करणारी घरं. गणपती मंडळाच्या कमानीचं आषाढातच विचारा, श्रावणात त्यांनी फ्लेक्सवाल्याला सांगितलेलं असतं. शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिकच्या बॅनरवर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे, ही गोष्ट मंडळाच्या पोरांना माहीत नसते, तुम्ही सांगा. कापडावर रंगवलेलं दुसऱ्या वर्षीही लावता येतं. सरकारी घोषणा भिंतीवर लिहायचं काम मिळालं तर घ्या, पण त्या पैशांवर किराणा उधार आणू नका. आमचे एका ठिकाणचे पैसे सात महिन्यांनी आले. निम्मे आगाऊ घेतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. आणि नाव मालकाकडून कागदावर लिहून त्याची सही घ्या. आम्ही ‘दीप’ ऐवजी ‘दिप’ लिहिलं, मालक म्हणाला तुमची चूक, आम्ही म्हटलं तुम्हीच तसं सांगितलंत. पत्रा आमच्या गळ्यात पडला.

बारची पाटी शेवटी काकांनी केली. एकट्याने. म्हणाले, माझा कुठे तुमच्या वहीत ठराव आहे? कोपऱ्यात त्यांनी स्वतःचा नंबर टाकला. ती पाटी देखणी झालीय, येता-जाता आम्ही सगळ्याच जणी बघतो, नाही म्हणणाऱ्या सहासुद्धा. काकांना आता शिडीवर चढवत नाही, म्हणून त्या नंबरावर आलेली कामं ते आमच्याकडे पाठवतात. गेल्या महिन्यात एका बालवाडीच्या बाईंचा फोन आला. बसमधून जाताना ‘त्या हॉटेलवरचं अक्षर’ त्यांना आवडलं होतं. कुठलं हॉटेल, ते आम्ही त्यांना विचारलं नाही. बालवाडीची भिंत त्या ताईंनीच रंगवायला घेतलीय. काल ‘ज्ञ’पर्यंत आल्या होत्या.