टपालाची चाळणी



मंडळाचा पत्रव्यवहार आता ईमेलने चालतो. म्हणून सर्व्हरवर नको असलेली पत्रे, म्हणजे स्पॅम, कशी अडवावी याविषयी दोन शब्द सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

हा उपद्रव जुना आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थर्क यांनी संगणकांच्या जाहिरातीचे एकच पत्र सुमारे ४०० जणांस धाडिले. तेच पहिले स्पॅम मानितात.

स्पॅमअसॅसिन नामक आज्ञावली परीक्षकाप्रमाणे प्रत्येक पत्रास गुण देते. मूळ मांडणीत ५ गुण भरले की पत्र स्पॅम ठरते. येथे अधिक गुण मिळविणारा नापास होतो! शब्दांवरून पारख करण्यास तिला निदान २०० चांगली व २०० वाईट पत्रे आधी दाखवावी लागतात.

मर्यादा ५ वरून ३ वर आणिली तर कचरा घटेल, परंतु एखाद्या गरीब विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्जही त्यात अडकेल. दहा निरुपयोगी पत्रे आत आली तर क्षणभर त्रास. एक अर्ज बुडाला तर मुलाचे वर्ष वाया. यास्तव संशयित पत्र नष्ट न करिता खूण करून निराळ्या कप्प्यात ठेवावे. तसेच आपली पत्रे इतरांनी अडवू नयेत म्हणून एसपीएफ व डीकेआयएम यांची व्यवस्था करावी; पत्र खरोखर आपल्याच सर्व्हरचे आहे, याची ती साक्ष देतात.

तो कप्पा रोज पाहण्याचे काम कार्यकारी मंडळाने एखाद्या तरुण सभासदाकडे सोपवावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.