घर हरवलेला माजी सैनिक



यवतमाळच्या बसस्थानकावर रात्री उशिरा थोडा वेळ बसून पाहा. पुसद, दारव्हा, वणीकडच्या शेवटच्या गाड्या निघून जातात, फलाट रिकामे होतात, आणि तरीही काही माणसे तिथेच उरतात. त्यांना कोणत्याच गाडीने जायचे नसते. आपण त्यांना सरसकट 'वेडे' म्हणतो, फार झाले तर चहा पाजतो, आणि आपली गाडी आली की विसरतो. मीही विसरतच आलो होतो.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. त्या माणसांत पंचेचाळिशीचा एकजण होता. अंगात कोपरांवर विरलेला हिरवट लष्करी स्वेटर. मी नाव विचारले, तर त्याने तोंड फिरवले. गाव विचारले, तर हसला. माझ्यासोबत आमच्या गावचे एक निवृत्त हवालदार होते. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही चुकीचं विचारता." मग ते त्याच्यासमोर उभे राहिले आणि करड्या आवाजात एवढेच बोलले, "नंबर?"

तो माणूस उठला. टाचा जुळवून ताठ उभा राहिला. आधी नंबर, मग हुद्दा आणि मग नाव, असे त्याने एका दमात सांगून टाकले. घरदार विसरलेल्या माणसाला लष्करातला क्रमांक मात्र पाठ होता.

हा क्रमांक फार मोलाचा आहे, हे मुद्दाम सांगतो. प्रत्येक पलटणीचे एक अभिलेख कार्यालय असते. जवान त्याला रेकॉर्ड ऑफिस म्हणतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. नंबर कळला की तिथून घराचा पत्ता मिळतो, भरती कधी झाली, सुटका कधी आणि कशामुळे झाली, हेही कळते. आम्हाला महिनाभर पत्रे लिहावी लागली, पण पत्ता मिळाला. गाव निघाले उमरखेडच्या बाजूचे, म्हणजे यवतमाळपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर.

घर होते. आई होती. भाऊ होते, त्यांची चार एकर कोरडवाहू होती. बायको लेकराला घेऊन केव्हाच माहेरी गेली होती. म्हणजे तो बेघर होता तो घर नव्हते म्हणून नव्हे. आधी तो रात्री ओरडतो म्हणून ओसरीवर आला, मग मारुतीच्या पारावर, आणि एके दिवशी कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून निघून गेला. त्याची आई मला म्हणाली, "माह्या पोराचं डोकं नाही फिरलं जी. त्याची झोप गेली." मी या विषयावर थोडेफार वाचले आहे, पण याहून नेमके निदान माझ्या वाचनात आलेले नाही.

लढाईने माणसाचे मन मोडते, ही गोष्ट नवी नाही. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, मायर्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकाच्या पत्रिकेत आणला. तोफेच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते, अशी तेव्हा समजूत होती. तोफ जवळ फुटलेली नसतानाही तीच लक्षणे दिसतात, हे पुढे कळले. आज आपण एवढे जाणतो की भीती, जागरण, सोबत्याचा मृत्यू, घरापासूनचा दुरावा यांनीही माणूस आतून खचतो. काही आजार लढाईशी संबंध नसतानाही ऐन तारुण्यात उद्भवतात आणि भरतीचे वयही नेमके तेच असते.

आता कागदांकडे येतो. विषय रुक्ष आहे, पण माणूस अडतो तो इथेच. या गृहस्थाच्या सुटकेच्या पुस्तकात, म्हणजे डिस्चार्ज बुकात, आजाराचा उल्लेखच नव्हता. रजा संपूनही हजर न होणे, दारू, वरिष्ठांशी उद्धटपणा, अशा शिक्षांच्या नोंदी होत्या. त्या लाल शाईने होतात. चार लाल नोंदी झाल्या की जवानाला सेवेतून कमी करण्याची कारवाई होऊ शकते. ती झाली. अकरा वर्षे नोकरी झालेली, आणि जवानाला निवृत्तिवेतनासाठी पंधरा लागतात. गैरवर्तनासाठी कमी केलेला माणूस 'माजी सैनिक' या व्याख्येतही बसत नाही. झोप न येणारा माणूस दारू पितो, दारू पिणारा रजेवरून वेळेवर परतत नाही. आजार आधी आला की बेशिस्त आधी आली, हे त्या लाल शाईला कसे कळावे?

हाच माणूस वेळीच लष्करी डॉक्टरांपुढे गेला असता, तर निदान भांडायला जागा राहिली असती. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळे जडला असे सर्वसाधारणपणे धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटले. तो खटला अपस्माराचा होता. मनोविकाराच्या बाबतीत हे आपोआप लागू होत नाही, असा निकाल २०१९ मध्ये आला. पुढे २०२५ च्या मे महिन्यात त्याच न्यायालयाने स्किझोफ्रेनियामुळे सेवेतून सुटलेल्या एका जवानाच्या बाजूने निकाल दिला, आणि वैद्यकीय मंडळाने आपल्या मताची कारणे नोंदवलीच पाहिजेत, असे बजावले. म्हणून ज्यांच्या घरी 'मेडिकल बोर्ड'ने घरी पाठवलेला मुलगा आहे, त्यांनी ते कागद पेटीत नीट ठेवावेत आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवावेत. केंद्रीय राखीव पोलीस किंवा सीमा सुरक्षा दलातून आलेल्यांनी मात्र आपापल्या दलाच्या मुख्यालयाकडे लिहावे. सैनिक कार्यालय स्थलसेना, नौसेना आणि वायुसेना या तिघींचे आहे. हा फरक ठाऊक नसल्याने माणसे हेलपाटे घालतात.

माजी सैनिकांची आरोग्य योजना २००३ पासून चालू आहे, पण ती मुख्यतः निवृत्तिवेतन घेणाऱ्यांसाठी. निवृत्तिवेतन नसलेल्या हवालदार हुद्द्यापर्यंतच्या गरजू माजी सैनिकांना केंद्रीय सैनिक मंडळ दरमहा अनुदान देते. ते पूर्वी ४ हजार होते, नोव्हेंबर २०२५ पासून ८ हजार झाले. वाढ चांगलीच आहे. अट आहे वयाच्या पासष्ट वर्षांची. बसस्थानकावरचा आमचा माणूस पंचेचाळीसचा, आणि व्याख्येबाहेरचा.

मग त्याच्यासाठी काय होते? होते, आणि ते सैनिक म्हणून नव्हे, नागरिक म्हणून. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. मनाच्या आजारावर सरकारी दवाखान्यात उपचार मिळणे हा या कायद्याने प्रत्येकाचा हक्क आहे, त्यासाठी डिस्चार्ज बुक लागत नाही. याच कायद्याच्या शंभराव्या कलमात पोलिसांवरही एक कर्तव्य टाकले आहे. स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण भटकताना आढळला, तर ठाण्याने त्याला संरक्षणात घ्यावे आणि चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यावे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. बेघर असेल, तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोधही ठाण्यानेच घ्यायचा आहे. हे कलम मी कागदावर उतरवून खिशात ठेवले होते. पहिल्या ठाण्यावर त्याचा उपयोग झाला नाही, दुसऱ्या ठाण्यावरच्या जमादारांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि गाडी काढली.

उपचार वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सुरू झाले. पूर्वी अशा माणसाला आपण थेट नागपूरच्या मनोरुग्णालयाचा रस्ता दाखवत असू. आता तशी गरज दर वेळी पडत नाही. गोळ्या लागू पडल्या, तीन आठवड्यांत झोप आली. खरी पंचाईत त्यानंतर झाली. बरा होऊ लागलेला माणूस ठेवायचा कुठे? भाऊ नको म्हणत होते. पाठीचा कणा दुखावलेल्या जवानांसाठी खडकीला १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. कणा मोडलेला दिसतो. झोप मोडलेली दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी असे घर मागायला फारसे कोणी पुढे येत नाही. मनोरुग्णांसाठी समाजातच राहण्याची सोय, म्हणजे अर्ध्या वाटेवरची घरे, सरकारने करावी, असे २०१७ च्या कायद्यात लिहिलेले आहे. ती तालुक्यापर्यंत पोचायला हवी.

आपल्या जिल्ह्याला या कामाची ओळख नाही असे नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २०१५ पासून 'प्रेरणा' प्रकल्प आला, आणि आशा ताई घरोघर जाऊन, कोण उदास आहे, कोण जेवत नाही, हे विचारू लागल्या. त्याच ताईंनी त्याच घरात आणखी एक प्रश्न विचारावा, "घरात कोणी फौजेतून आलं आहे का?" खर्च काहीच नाही. फौजेतून आलेला माणूस शेतकऱ्याचाच मुलगा असतो, नापिकी त्याच्याही वाट्याला येते. आणि रात्री-अपरात्री बोलायला कोणी नसेल, तर टेलिमानसचा क्रमांक १४४१६ आहे. तो ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

सध्या तो आईजवळ राहतो. भावांनी गोठ्याशेजारची खोली दिली, ती हवालदारांनी दिवसभर बसून त्यांना समजावल्यावर. मी समजावले असते तर दिली नसती. शेळ्या राखतो. मध्ये दोनदा निघून गेला होता, दोन्ही वेळा गोळ्या चुकल्या होत्या. दर महिन्याला कोणीतरी त्याला एसटीने यवतमाळला आणतो. रांगेत उभा राहतो, गोळ्या घेतो आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून देतो. बहुतेक वेळा हवालदारच. पुढच्या तारखेला त्यांच्या मुलीचे लग्न आहे, तेव्हा मला जावे लागेल. त्याने मला बजावून ठेवले आहे की गाडी सकाळी सहाची आहे, आणि गुरुजी, तुम्हाला उशीर होतो.