परसातले सोबती



वैशाख आला. नांगरट उरकली. पावसाला अजून अवकाश आहे. भर दुपारी शेतात काही जाववत नाही. मग परसात आंब्याखाली बाज टाका आणि तासभर नुसते बघत राहा. पैसा लागत नाही, नि करमणूक मोठी होते.

लिंबाच्या झाडाकडे बघा. तिथे एक इवलासा पक्षी शेपूट ताठ करून ओरडतो आहे. हा शिंपी. याचे वजन १० ग्रॅमसुद्धा भरत नाही. पण कारागिरी बघा! चोचीची सुई करतो. कापूस आणि कोळ्याचे जाळे यांचा दोरा करतो. दोन पाने शिवतो, आणि आत मऊ घरटे करतो. झाडावरच्या अळ्या टिपून पिल्लांना भरवतो. फवारणी आपण करायची, तेच काम हा फुकट करतो.

आता कुंपणाकडे बघा. सरडा बसला आहे. त्याचे डोके नि गळा लालभडक झाला आहे. पोरे म्हणतात, "हा लांबून रक्त पितो!" आणि दगड उचलतात. थांबवा त्यांना. सरडा रक्त पीत नाही. त्याला विषही नाही. हे दिवस त्याच्या विणीचे. मादीला रुबाब दाखवायला आणि दुसऱ्या नराला दटावायला नर असा लाल होतो. तो खातो काय? तर मुंग्या, नाकतोडे, किडे. म्हणजे तो आपल्या भाजीचा राखणदारच झाला. राखणदाराला कोणी दगड मारतो का?

या सोबत्यांनी आपल्याकडे काय मागितले आहे? फक्त पाणी. उन्हाळ्यात ओढे आटतात, डबकी सुकतात. म्हणून सावलीला एक पसरट परळ ठेवावे. पाणी दोन बोटे खोल पुरे. मधे एक दगड ठेवावा, म्हणजे बसायला जागा होते. मांजर पोचणार नाही अशी उंच जागा पाहावी. पाणी रोज बदलावे, नाही तर त्यात डास होतात. पाणी ठेवले की बघा, बुलबुल येतील, साळुंक्या येतील, खारही येईल.

आणि एक दिवस पावशा ओरडू लागेल, "पेरते व्हा, पेरते व्हा!" हा स्वतः घरटे बांधत नाही. सातभाईंच्या घरट्यात अंडे टाकून मोकळा होतो! पण केसाळ सुरवंट खाऊन पिकाचे रक्षण करतो.

आमचे सांगणे एवढेच. घरातल्या पोरांना तासभर जवळ बसवा. नावे सांगा. ज्याचे नाव ठाऊक झाले, त्याच्यावर सहसा हात उचलवत नाही.