दहावीतून गाळलेला धडा



दहावीनंतर मी जीवशास्त्र सोडलं. इंजिनिअरिंगला जाणारे बहुतेक सोडतातच. २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती काढली; 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याची नुसती 'आनुवंशिकता' उरली. बारावीच्या जीवशास्त्रात आहे की, असं सांगितलं गेलं. पण तिथवर पोचतात किती? १८००हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी जाहीर विरोध केला. मी गप्प होतो. खरं सांगू? मनातून थोडं बरंच वाटलं होतं.

२०१८ मध्ये औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही. आपण हसलो. तेच जुम्म्याच्या बयानात ऐकलं की आपण मान डोलावतो!

आदम-हव्वाची गोष्ट घरी, मदरशात जरूर सांगावी. मीही सांगतो. विज्ञानाच्या तासाला मात्र 'कशावरून?' विचारता आलं पाहिजे. मी कोड वाचणारा माणूस. दोन प्रोग्रॅममध्ये तीच चूक त्याच जागी दिसली, तर मूळ एकच, हे ओळखतो. क जीवनसत्त्व बनवणारा जीन माणसात बिघडलेला आहे, चिंपांझीतही. बहुतेक इतर सस्तन प्राण्यांत तो चालतो.

माझी भाची सीबीएसईला, दहावीत. तिला जुना धडा छापून दिला. वाचून म्हणाली, "मामू, मग आदमचं काय?"

म्हटलं, बस, बोलू. अम्मीही चहा घेऊन येऊन बसली.